मुंबईत अडीच-तीन लाखात सेकंडहँड फॅमिली कार: आधी नंबर मागा, मग गाडी बघा

आईबाबांना डॉक्टरकडे न्यायचं, पोरांना धो धो पावसात शाळेत सोडायचं, गणपतीला आणि मे महिन्यात गावी जायचं, एवढ्यासाठीच गाडी हवीय आणि हातात अडीच-तीन लाखाच्या वर एक पैसा नाही, अशा लोकांसाठी हे लिहितोय. मी स्वतः अशीच गाडी घेतली, नंतर नात्यातल्या आणि ओळखीतल्या बऱ्याच जणांबरोबर गाड्या बघत हिंडलो, आणि एक गोष्ट पक्की कळली की स्वस्तातल्या गाडीत माणूस इंजिनापेक्षा कागदात जास्त अडकतो. इंजिन, क्लच, सस्पेन्शन हे पैसे घालून नीट होतं, पण वारलेल्या माणसाच्या नावावरची गाडी किंवा लोन न फिटलेली गाडी हा गुंता पैसे घालूनही तुमच्या हाताने सुटत नाही. त्यात मुंबईत विरारच्या माणसाने चेंबूरला गाडी बघायला जायचं म्हणजे अख्खा रविवार जातो. म्हणून गाडी बघून मग कागद मागण्यापेक्षा आधी नंबर घ्या, घरबसल्या तपासा, आणि त्यातून जी उरेल तीच बघायला जा.

१. पैशाचे दोन भाग करा

तीन लाख आहेत म्हणजे तीन लाखाची गाडी घ्यायची नाही. साधारण पंधरा टक्के बाजूला काढा आणि ते नाहीतच असं धरून चाला. जुनी गाडी घरी आली की चार टायर, बॅटरी, पूर्ण सर्व्हिसिंग, इन्शुरन्स आणि नाव ट्रान्सफरचा खर्च यातलं दोन-तीन गोष्टींचं काम निघतंच निघतं. सगळे पैसे गाडीतच घातले की गुळगुळीत टायरवर बायकापोरांना घेऊन घाट चढायची वेळ येते, ते नको.

आणि हो, पार्किंग. सोसायटीत जागा आहे का, महिन्याला किती घेतात, भाडेकरूला देतात का, हे सेक्रेटरीला विचारून मगच गाडी शोधायला लागा. चाळीत किंवा जुन्या बिल्डिंगमध्ये राहत असाल तर जवळच्या पे अँड पार्कचा महिन्याचा रेट काढा. हा खर्च दर महिन्याचा आहे, गाडीच्या किमतीत कुठे दिसत नाही.

२. कुठली गाडी: जिचे पार्ट कुठेही मिळतात ती

या बजेटमध्ये माझी पसंती सरळ आहे. वॅगन आर (२०१० नंतरची, के सिरीज इंजिनवाली), पेट्रोल स्विफ्ट, सेलेरिओ, आय१०, ग्रँड आय१०, पेट्रोल इटिऑस. यातली कुठलीही गाडी नाक्यावरचा मेकॅनिक उघडू शकतो आणि पार्ट कुर्ल्याला सीएसटी रोडला नाही मिळाला असं सहसा होत नाही. वयस्कर माणसं असतील तर वॅगन आरमध्ये बसायला उठायला सोपं जातं, उंची चांगली आहे. सँट्रो झिंग आणि आय१० च्या १.१ इंजिनाला टायमिंग बेल्ट असतो, तो ठरलेल्या किलोमीटरला बदलावा लागतो, कधी बदलला त्याचं बिल नसेल तर बदलायचाच आहे असं धरून भावात वजा करा. मारुतीच्या के सिरीजला चेन असते त्यामुळे ती कटकट नाही.

जुन्या मोठ्या लक्झरी गाड्या याच भावात दिसतात, जुनी जर्मन गाडी वगैरे. त्यांच्याकडे बघूसुद्धा नका, एका पार्टच्या किमतीत तुमचं वर्षाचं पेट्रोल निघेल.

डिझेल नको. मुंबईत आपलं रोजचं रनिंग कमी, सगळं फर्स्ट-सेकंड गिअरमध्ये, डिझेलची दुरुस्ती महाग, पैसे वसूल होत नाहीत.

फॅमिलीसाठी घेताय तर एअरबॅग आणि एबीएस (जोरात ब्रेक मारल्यावर चाकं लॉक होऊ न देणारी सिस्टीम) बघा, मी यावर हट्ट धरायला सांगेन. नवीन विकल्या जाणाऱ्या गाड्यांना एबीएस एप्रिल २०१९ पासून आणि ड्रायव्हरची एअरबॅग जुलै २०१९ पासून बंधनकारक झाली, त्याआधीच्या खालच्या मॉडेलमध्ये बऱ्याचदा दोन्ही नसतं. म्हणून जुनी गाडी घेताना एक वर्ष जुनी चालेल पण वरचं मॉडेल घ्या.

सीएनजीबद्दल सगळे विचारतात. रोज पन्नास-साठ किलोमीटर जाणार असाल तर घ्या, रविवारी आणि सणालाच काढणार असाल तर डिकीत बॅग मावणार नाही आणि पंपावरच्या लाइनीत उभं राहायचं, त्यात काय फायदा. घ्यायचीच तर कंपनी फिटेड घ्या. बाहेरून किट बसवलं असेल तर आरसीवर (गाडीचं रजिस्ट्रेशन सर्टिफिकेट) इंधनाच्या जागी पेट्रोल/सीएनजी असं चढलेलं हवं, नुसतं पेट्रोल लिहिलं असेल आणि खाली सिलिंडर असेल तर इन्शुरन्स क्लेमच्या वेळी हात वर करतील. सिलिंडरची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाने केलेली तपासणी) दर तीन वर्षांनी करावी लागते, त्याची प्लेट बघा.

३. नंबर मागा आणि फोनवरच तपासा

हा या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे, घाई करू नका.

जाहिरात ओएलएक्सवर दिसो, डीलरकडे असो की सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर, पहिला प्रश्न नंबर काय हाच. नंबर द्यायला जो टाळाटाळ करतो, 'आधी या तर खरं' म्हणतो, त्याला सोडून द्या. नंबर मिळाला की एमपरिवहन या सरकारी अॅपवर टाका. मालकाचं नाव अर्धं झाकलेलं दिसतं पण बाकी कामाचं बरंच दिसतं, त्यात हे बघायचं:

- रजिस्ट्रेशनची तारीख. खासगी गाडीचं रजिस्ट्रेशन १५ वर्षांचं असतं, नंतर पाच-पाच वर्षांनी रिन्यू करायला लागतं. मुंबईत १५ वर्षांची पेट्रोल गाडी बंद करत नाहीत (ते दिल्लीकडचं प्रकरण आहे), पण गाडी दाखवून पास करून घ्यावी लागते, केंद्राची फी एप्रिल २०२२ पासून ५,००० रुपये झालीय आणि वर आपल्या राज्याचा पर्यावरण कर. वर्ष-दीड वर्ष उरलेली गाडी स्वस्त मिळते ती यामुळेच, हा खर्च धरून भाव करा.
- लोन. बँकेचं नाव दिसत असेल तर गाडीवर एचपी, म्हणजे बँकेच्या कर्जाचा बोजा आहे. 'लोन कधीच फिटलं हो' याला अर्थ नाही, बँकेची एनओसी (ना हरकत पत्र) आणि फॉर्म ३५ (बोजा काढायचा अर्ज) हातात पाहिजे, आणि शक्यतो विकणाऱ्यानेच एचपी काढून द्यावी.
- इन्शुरन्स आणि पीयूसी कधीपर्यंत आहे.
- गाडीचा प्रकार. आधी टॅक्सी म्हणून चाललेल्या डिझायर, वॅगन आर, इटिऑस पिवळी प्लेट काढून पांढरी करून विकायला येतात. ते बेकायदेशीर नाही, पण ती गाडी दिवसरात्र पळालेली असते. जुन्या आरसीची किंवा जुन्या पॉलिसीची कॉपी मागितली की कळतं.

मग महाराष्ट्र ट्रॅफिक पोलिसांच्या ई-चलानच्या साइटवर तोच नंबर टाका. सी लिंक, फ्रीवे, एक्स्प्रेसवे सगळीकडे कॅमेरे आहेत, बऱ्याच गाड्यांवर काही हजारांचं चलान चढलेलं असतं आणि मालकाला पत्ताही नसतो. ते त्याने भरून पावती द्यायची, 'त्यातून वजा करा' असं नको, कारण रक्कम नंतर वाढलेली निघते.

नंतर हे तीन प्रश्न फोनवरच विचारा. आरसीवर ज्याचं नाव आहे तोच तुम्ही का? आरटीओत जो मोबाइल नंबर नोंदलेला आहे तो चालू आहे का? (ट्रान्सफरच्या वेळी ओटीपी लागतो, नंबर बंद असेल तर तिथेच काम अडकतं.) आणि तुम्ही कितवे मालक? मालक वारलेला असेल तर गाडी आधी वारसाच्या नावावर व्हायला पाहिजे, त्याला फॉर्म ३१ लागतो, ते झाल्याशिवाय एक रुपया देऊ नका, मुलगा कितीही चांगला असला तरी.

नंबर एमएच ०१ ताडदेव, ०२ अंधेरी, ०३ वडाळा, ४७ बोरीवली, ०४ ठाणे, ४३ वाशी. यातला असेल तर धावपळ कमी. डीएल (दिल्ली) किंवा एचआर (हरियाणा) नंबरच्या गाड्या डोळे दिपतील अशा भावात दिसतात, कारण दिल्लीकडे १० वर्षांवरच्या डिझेल आणि १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर बंधनं आल्यापासून लोक त्या बाहेर काढतात. पण तिथल्या आरटीओची एनओसी, इथे पुन्हा रोड टॅक्स, नवीन नंबर, हे सगळं जोडलं की स्वस्ताई संपते. पहिल्यांदा गाडी घेणाऱ्याने परराज्यातली गाडी घेऊच नये असं माझं स्पष्ट मत आहे.

एक जुना फ्रॉडही सांगून ठेवतो. 'मी आर्मीत आहे, बदली झालीय, गाडी एअरपोर्टच्या पार्किंगला आहे, थोडे पैसे पाठवा मग गाडी घरी येईल.' असं कोणी म्हटलं की फोन ठेवा. पैसे घेण्यासाठी क्यूआर कोड स्कॅन करायला लागत नाही हे घरातल्या सगळ्यांना सांगा.

४. गाडी बघायला सकाळी जा

विकणाऱ्याला सांगा की मी येईपर्यंत गाडी चालू करू नका. पोचल्यावर पहिला हात बोनेटवर ठेवा, गरम असेल तर गाडी आधीच फिरवून ठेवलीय. थंड इंजिन सेल्फ मारल्यावर कसं उठतं, किती थरथरतं, मागून कसला धूर येतो, हे एकदाच बघायला मिळतं. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय, गाडी सोडा. पांढरा धूर थोडा वेळ येऊन थांबला तर ती वाफ, गाडी गरम झाल्यावरही येत राहिला तर हेड गॅस्केट (इंजिनाच्या दोन भागांमधलं सील) गेल्याची शंका. ऑइलचं झाकण उघडून आतल्या बाजूला दुधाळ चिकट थर आहे का बघा, असेल तरी तीच शंका.

मुंबईच्या गाडीत दोन गोष्टी खास बघायच्या, पाणी आणि गंज.

पाणी म्हणजे पावसात बुडालेली गाडी. हिंदमाता, गांधी मार्केट, मिलन सबवे, कुर्ल्याच्या सखल गल्ल्या, दरवर्षी कुठे ना कुठे गाड्या पाण्यात उभ्या राहतात, मग धुऊन पुसून, नवीन सीट कव्हर घालून विकायला येतात. वरून काही कळत नाही. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून काढा, वरच्या भागाचा रंग वेगळा आणि आतल्या भागावर मातकट डाग असेल तर संशय घ्या. सीटच्या खाली हात घालून रेलचे बोल्ट बघा, तिथे गंज चढायचं एरवी कारण नसतं. मॅट उचलून कार्पेट दाबा, ओलसर लागतं का, वास कसा येतो. स्टेपनी काढून त्या खड्ड्यात चिखलाची रेघ शोधा, फ्यूज बॉक्सचं झाकण काढून कोपऱ्यात माती आहे का बघा. गाडीत शिरताच सुगंधी परफ्यूमचा भपका आला तर काचा बंद करून दहा मिनिटं बसा, खालचा कुबट वास वर येतोच.

गंज समुद्रामुळे. वरळी, वर्सोवा, कुलाबा अशा ठिकाणी वर्षानुवर्षं उघड्यावर उभी राहिलेली गाडी वरून चकचकीत आणि खालून सडकी असू शकते. मोबाइलचा टॉर्च लावून वाका, कपडे मळले तर मळू देत. दाराच्या खालची कड, जॅक लावायची जागा, बोनेटच्या आत सस्पेन्शन जिथे बोल्टने बसतं तो भाग, हे बघा. पत्र्यावरचा वरवरचा गंज चालतो, पण नखाने पापुद्रे निघत असतील तर नको. आणि खाली सगळीकडे नुकतंच काळं कोटिंग मारलेलं दिसलं तर ते कशाला मारलं हे विचाराच.

अपघाताचं ओळखायला बोनेटचे आणि दारांचे बोल्ट बघा, पाना लागल्याच्या खुणा असतील तर तो भाग उघडलेला आहे. बंपर आणि फेंडर मुंबईत रंगवलेले असणारच, त्याचं टेन्शन घेऊ नका, खांब (दारांच्या आजूबाजूचे उभे भाग) आणि पुढची चेसिस सरळ आहे ना एवढं बघा. चावी फिरवल्यावर मीटरमध्ये एअरबॅगचा दिवा लागून विझला पाहिजे. लागलाच नाही तर मुद्दाम बंद केलाय असं समजा.

किलोमीटरच्या आकड्यावर विश्वास नको. क्लच-ब्रेकच्या पेडलचं रबर, स्टिअरिंगची झिजलेली कड, ड्रायव्हर सीटचा बसलेला फोम, हे खोटं बोलत नाहीत. टायरवरच्या कोडचे शेवटचे चार आकडे बघा, २३१९ म्हणजे २०१९ च्या २३ व्या आठवड्यातला टायर.

५. चालवून बघा, पण आपल्या रस्त्यावर

रिकाम्या रस्त्यावर सगळ्याच गाड्या छान चालतात. एखादा फ्लायओव्हर चढवा, पेव्हर ब्लॉकच्या रस्त्यावरून न्या, खड्ड्यात खालून टकटक येते का ऐका. चौथ्या गिअरमध्ये कमी स्पीडला अॅक्सिलरेटर दाबा, इंजिनाचा आवाज चढला पण गाडी तेवढी पळाली नाही तर क्लच गेला. मुंबईत क्लच लवकर जातात, त्यामुळे नुसतं एवढ्यावरून गाडी नाकारू नका, क्लच सेटचे पैसे वजा करून घ्या. आणि सगळ्यात उपयोगाची टेस्ट म्हणजे एसी फुल करून गाडी एका जागी पंधरा मिनिटं चालू ठेवा. तापमानाचा काटा मध्येच राहिला, पंखा मधूनमधून चालू झाला, गार हवा तशीच राहिली, तर सायनच्या ट्रॅफिकमध्येही ती गाडी तुम्हाला त्रास देणार नाही.

पावसात बघायला मिळाली तर फारच चांगलं, गळती लगेच दिसते.

६. मेकॅनिक तुमचा पाहिजे

विकणाऱ्याने सुचवलेला नको, डीलरच्या शेजारचा नको. तुमच्या ओळखीतल्या कोणाचा तरी गॅरेजवाला पाचशे-हजार देऊन बरोबर न्या, स्कॅनर असेल तर लावायला सांगा. शिवाय गाडी ज्या ऑथोराइज्ड सर्व्हिस सेंटरला जायची तिथे मालकालाच फोन करायला लावून जुनी हिस्ट्री काढा, प्रत्येक जॉबकार्डवर त्या दिवसाचं किलोमीटर असतं. ४० हजार चाललेली म्हणून विकणारी गाडी चार वर्षांपूर्वीच्या जॉबकार्डवर ७० हजार दाखवते, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

७. भाव

त्याच मॉडेलच्या, त्याच वर्षाच्या दहा जाहिराती बघून ठेवा, पॉलिसीवरची आयडीव्ही (इन्शुरन्स कंपनीने धरलेली गाडीची किंमत) बघा, आणि मेकॅनिकने सांगितलेलं काम कागदावर लिहून समोर ठेवा. शांतपणे बोला, गाडीला नावं ठेवू नका, विकणाऱ्याचाही जीव असतो तिच्यात. गणपतीच्या आधी आणि दसऱ्याला गाड्या पटापट जातात, भाव ताठ असतो. पितृपक्षात आपल्याकडे खरेदी करत नाहीत, तेव्हा शोधणारे कमी असतात, मग तेव्हा बघून, बोलून, टोकन देऊन ठेवा आणि डिलिव्हरी घटस्थापनेला घ्या. घरातले मोठेही खूश आणि भावही बरा.

८. पैसे आणि कागद एकाच दिवशी

टोकन लहान द्या आणि त्यावर गाडीचा नंबर, ठरलेली रक्कम, 'कागदात अडचण आल्यास परत' एवढं लिहून घ्या. बाकी पैसे फक्त आरसीवर ज्याचं नाव आहे त्याच्याच खात्यात. भावाच्या नको, एजंटच्या नको. दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणं कायद्यानेच चालत नाही, त्यामुळे 'कॅशमध्ये कमी करतो' याला भुलू नका.

त्या दिवशी हातात काय पाहिजे:

- ओरिजिनल आरसी
- नाव ट्रान्सफरचे फॉर्म २९ (दोन प्रती) आणि फॉर्म ३०, तुमचं नाव भरून, दोघांच्या सह्या
- चालू इन्शुरन्स आणि पीयूसी
- विकणाऱ्याचं आधार, पॅनची सही केलेली कॉपी, तुमचं आधार, पॅन, पत्त्याचा पुरावा, फोटो
- चेसिस नंबरचा पेन्सिल प्रिंट, आणि तो आरसीशी जुळवून बघा
- लोन होतं तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५
- दोन्ही चाव्या
- डिलिव्हरी नोट, त्यावर तारीख आणि वेळ, दोघांच्या सह्या. त्या वेळेआधीचं चलान त्याचं, नंतरचं तुमचं

कोऱ्या फॉर्मवर सह्या करून 'नंतर बघू' हा प्रकार कधीच करू नका. विकणारा कंटाळा करत असेल तर त्याला समजवा की सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये सांगितलंय, अपघात झाला तर रजिस्टरवर ज्याचं नाव तोच मालक धरला जातो, म्हणजे लवकर ट्रान्सफर होणं त्याच्याच फायद्याचं आहे. डीलरकडून घेत असाल तर त्याचं आरटीओचं अधिकारपत्र मागा, हा नियम एप्रिल २०२३ पासून आहे.

९. ट्रान्सफर आणि इन्शुरन्स

राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि तुम्ही ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. अर्ज परिवहनच्या वाहन पोर्टलवर स्वतः भरता येतो, एजंट केला तरी अॅप्लिकेशन नंबर तुमच्याकडे ठेवा आणि स्टेटस स्वतः बघत राहा. विकणारा दुसऱ्या आरटीओच्या हद्दीतला असेल तर एनओसी लागते का हे पैसे द्यायच्या आधी विचारून घ्या.

इन्शुरन्स लोक विसरतात. १४ दिवसांत पॉलिसी आपल्या नावावर करायचा अर्ज कंपनीकडे करायचा. नाही केला तर थर्ड पार्टी कव्हर चालू राहतं पण तुमच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम मिळायला अडचण येते. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल प्रीमियमवर मिळणारी सूट) तुम्हाला मिळत नाही, त्याचा फरक भरावा लागतो, तो बजेटमध्ये धरा.

१०. पहिल्या महिन्यातली कामं

इंजिन ऑइल, फिल्टर, कूलंट, ब्रेक ऑइल सगळं बदला, आधीच्या माणसाने काय केलंय यावर जाऊ नका. ब्रेक उघडून बघायला सांगा, टायर संशयास्पद असतील तर गावी जायच्या आधी बदला. जुन्या मालकाला त्याचा फास्टॅग बंद करायला लावा, तो चालू असेल तर त्याच गाडीवर तुमचा नवीन निघत नाही. मुंबईच्या वेशीवरच्या पाच नाक्यांवर ऑक्टोबर २०२४ पासून कारला टोल नाही, पण पुण्याला जायचं तर फास्टॅग लागणारच. गाडी एप्रिल २०१९ च्या आधीची असेल तर हाय सिक्युरिटी नंबर प्लेट बसवलीय का बघा.

नवीन आरसी आली की नावाचं स्पेलिंग, पत्ता, चेसिस नंबर, इंधन आणि एचपी निघाली का हे त्याच दिवशी तपासा. चूक दिसली तर लगेच आरटीओत अर्ज टाका, आणि बरोबर असेल तर तीच कॉपी इन्शुरन्स कंपनीला पाठवून पॉलिसीवरचं नाव पक्कं करून घ्या.